शिरस्त्राणांखालचं कार्ड
श्रीनिवास भावे, घरच्यांचे नाना, शाळेतून निवृत्त झाले, पण इतिहास शिकवायचे थांबले नाहीत. बोलावणं आलं की दुसऱ्या महायुद्धातली दोन शिरस्त्राणं पिशवीत घालून निघायचे. एक निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वाराचं, दुसरं छत्रीधारी सैनिकाचं. पोलादी टोपी तीच, फरक पट्ट्यांचा आणि अस्तराचा. काळोख्या रस्त्यांवर आपलेच स्वार आपटून मरू लागले, तेव्हा सैन्यानं त्यांना शिरस्त्राण सक्तीचं केलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मग शिरस्त्राणं पुन्हा पिशवीत, आणि नाना उघड्या डोक्यानं स्कूटरवरून घरी. हेल्मेटसक्तीविरोधी समितीचे ते चिटणीस होते. लेकीनं, शेफालीनं, आणलेलं हेल्मेट त्यांनी परत करायला लावलं. पेठेत कसली आलीय लढाई, म्हणाले.

घराजवळच्याच वळणावर स्कूटर घसरली. वेग वीससुद्धा नसेल. डोकं सोडलं तर अंगावर ओरखडा नव्हता.

तेराव्यानंतर समितीचे अध्यक्ष सुदर्शन दातार आले. शोकसभेत दोन्ही शिरस्त्राणं मांडायची होती. शेफालीनं ती काढून दिली, सोबत दोन्हींचं मिळून असलेलं कार्डही. वस्तू कुठली, कोणी वापरली, कशी मिळाली, हे नाना प्रत्येक कार्डावर नेमानं लिहीत. त्याखाली तिनं एक ओळ वाढवली होती. दातारांनी चष्मा लावून वाचली: 'संग्राहकाचा मृत्यू स्कूटरवरून पडून, डोक्याला मार लागून. हेल्मेट नव्हतं.'

"हे सभेत शोभत नाही, शेफाली."

"खरं आहे, काका."

"अगं, श्रीनिवास तत्त्वासाठी जगला."

"जगले असते तर प्रश्नच नव्हता."

दातारांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि नुसती शिरस्त्राणं देतेस का, असं विचारलं. कार्डाशिवाय वस्तू मांडायची नाही हा नियम नानांचाच, ती म्हणाली. चहा न घेताच ते उठले. शोकसभेत टेबलावर फोटो आणि हार एवढंच होतं. नानांच्या बाणेदारपणावर चौघे बोलले.

पुढच्या सोमवारी एका शाळेत नानांचं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. शेफालीनं ते रद्द केलं नाही. स्वतः गेली, मुलांच्या हातात शिरस्त्राणं दिली आणि कार्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मुख्याध्यापक घाईनं आभार मानायला उभे राहिले. भावे सरांच्या आकस्मिक निधनानं शाळेची हानी झाली आहे, असं म्हणाले.

शेफालीनं माइक परत मागितला.