बिनघराचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घर कुठलं ते विचारू नका, ते मला कधी नव्हतंच. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. मी, माझी चौकट आणि एक पितळी कडी, एवढाच आमचा थाट.

मला बनवलं विलायतेतल्या विनीबाईनं. रस्त्यावर खेळ करून लोकांना हसवणारी ही कलाकार तेव्हा ऐन तारुण्यात होती. मला बागेत, समुद्रकाठी, मेंढ्यांच्या कुरणात उभं करायचं आणि मागे दडून राहायचं, हा तिचा खेळ. कुणी कडी वाजवली की दार उघडून म्हणायची, "किती उशीर केलात!" एकदा एक पोलीस आम्हाला हटवायला आला. तिनं त्याला आधी पाय पुसायला लावले. पठ्ठ्यानं गुमान पुसले!

पुढे लोकांच्या हातात फोन आले. फोटो काढायचा नि चालू पडायचं. कडीला कुणी हात लावेना. देशोदेशी फिरत आम्ही कोल्हापुरात आलो. परवा रंकाळा तलावावर मला उभं करताना बाई म्हणाली, "आज कुणी वाजवली नाही तर खेळ बंद. मग तुझं सरपण!" माझ्या बिजागऱ्याच कुरकुरल्या.

गर्दी झाली, पण फोटोपुरती. "मोकळ्यात दार? येडी हाय जणू!" म्हणत जो तो पुढे गेला. दिवस कलला. तेवढ्यात शेजारच्या भेळेच्या गाडीवरच्या तानाबाई भेळ घेऊन, मला वळसा घालून थेट मागे आल्या.

"सकाळधरनं उभी हाईस. खा की!"

विनीबाईचा चेहरा पडला. रडवेली होऊन तिनं कडीकडे बोट दाखवलं.

"आपल्या माणसाच्या दारात कडी कसली वाजवायची?" तानाबाई हसल्या. पण तिचं तोंड बघून काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिला दंडाला धरून माझ्या पुढ्यात नेलं, स्वतः आत आल्या आणि मला लावून घेतलं. "हं, तूच वाजीव बघू!"

बाईनं हलकेच कडी वाजवली.

"या पावणं, आत या!" तानाबाईंनी मला सताड उघडलं.

आयुष्यभर जगाला आत घेणाऱ्या माझ्या बाईला आजवर कुणी 'आत ये' म्हटलंच नव्हतं हो! ती आत आली, भेळ खाल्ली, नाक ओढत हसली. लोक म्हणाले, तिखट लागलं. मला विचारा.

सरपण टळलं. आता खेळ उलटा, ती बाहेर आणि लोक आत. उद्या आम्ही मलकापूरला निघतोय. मंडळी, कडी वाजली तर बाईला ताटकळत ठेवू नका. तिचे गुडघे दुखतात.