मार्लाच्या नावावरचं पिस्तूल

लुएला प्रुइट बावीस वर्षं बंदुकांच्या काउंटरमागे उभी होती आणि गिऱ्हाईक ती तोंडावरून नाही, हातांवरून ओळखायची. ओहायोतल्या त्या आडगावात शिकारीची रायफल कुणीही विकू शकतो. घेणारा घरूनच शिकून येतो. खरी अक्कल लागते ती स्वस्तातलं पिस्तूल विकायला, कारण ते घेणाऱ्याला बहुतेक वेळा घाई असते.

मंगळवारी दुपारी आलेल्या जोडप्याला तेच हवं होतं. डेरिल स्टॅम्पर नावाचा रुंद खांद्यांचा माणूस आणि त्याच्या घरात राहणारी मार्ला.

"या काचेतलं सगळ्यात स्वस्त काढा," डेरिल म्हणाला.

लुएलाने मॅगझिन काढलं, वरची सरकती स्लाइड मागे खेचून नळी रिकामी असल्याचं दाखवलं आणि पिस्तूल रबरी चटईवर ठेवलं. "नऊ एमएम. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. दिसायला वीट आणि वजनालाही वीट, कारण स्लाइड पोलादाची नाही, जस्ताची आहे. पण चिखलातून काढलं तरी चालतं. बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करते, अगदी तुमच्या हातून बिघडलं तरी. दोनशे डॉलरांत याहून चांगलं मागितलंत तर मी हसेन."

"वाजल्याशी कारण. रूप काय चाटायचंय?" डेरिल खो खो हसला. मार्लाही हसली, पण त्याचं हसून झाल्यावर.

त्याने पिस्तूल उचललं, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला, चाप दोनदा ओढून पाहिला. मार्लाच्या हातात ते एकदाही दिलं नाही. फॉर्म पुढे आला तेव्हा मात्र एक पाऊल मागे सरकला. "फॉर्म ती भरेल. तिच्यासाठीच तर घेतोय."

मार्लाने ओळख पटवायला आपलं गाडीचं लायसन्स काढलं. डेरिलने खिशाला हातही लावला नाही. हे पिस्तूल तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का, या प्रश्नापाशी मार्लाचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग 'हो'वर खूण केली.

बायकोला मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक मिळत नाही. मग असे लोक घरातली दुसरी बाई पुढे करतात. काउंटरवरचा नियम साधा आहे: हाताळणारा एक आणि फॉर्म भरणारा दुसरा असेल, तर माल काचेत परत ठेवायचा आणि तोंडावर 'नाही' म्हणायचं.

लुएला 'नाही' म्हणणारच होती. तेवढ्यात मार्लाची बाही वर सरकली आणि मनगटावरचे जुने, पिवळे पडलेले डाग दिसले. 'नाही' म्हटलं की गाडीत बसल्यावर राग कुणावर निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. लुएलाने मुकाट्याने फॉर्म घेतला आणि सरकारी तपासणीला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: मंजूर.

"अडकलं हो," ती धडधडीत खोटं बोलली. "नावासारखं नाव निघालं की असं होतं. सरकारी कारभार, माझ्या हातात काही नाही. शुक्रवारी या."

डेरिलने सरकारला चार शिव्या हासडल्या आणि तो मार्लाला घेऊन बाहेर पडला. लुएला मनातल्या मनात खूश झाली. साप मेला नव्हता, पण काठी तरी आपल्या हातात राहिली, असं तिला वाटलं.

मार्ला विसरलेलं लायसन्स घ्यायला एकटीच परत आली.

"ऐक पोरी," लुएला कुजबुजली. "मंजुरी आली होती. मीच अडवलंय. तीन दिवस आहेत तुझ्याकडे. आई असेल, बहीण असेल, जा तिकडे."

मार्ला तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही अडवलंत?"

"तुझ्या भल्यासाठी."

"भल्यासाठी! बाई, गाडी तो चालवणार होता. पिस्तूल आणि गोळ्या माझ्या मांडीवर असणार होत्या. घरापर्यंत अठरा मैल." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "एक महिना त्याच्या मागे लागले होते मी, की रानात कोल्हे फार झालेत, एक पिस्तूल घेऊ या."

बाहेर हॉर्न वाजला. मंजुरीचा कागद लुएलाच्या हाताखालीच होता. तो पुढे केला तर आज संध्याकाळी एक माणूस मरेल. नाही केला तर काय होईल, ते तिला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"शुक्रवारी," लुएला म्हणाली. स्वतःचीच तिला चीड आली, पण कागद तिने पुढे केला नाही.

मार्लाने लायसन्स उचललं आणि ती गेली.

बुधवारी आणि गुरुवारी लुएलाने दोनदा फोन हातात घेतला. पोलिसांना सांगणार काय? की एक बाई नवऱ्यासारख्या माणसाला मारायला निघाली होती? मग बेड्या तिलाच पडायच्या. तिने फोन खाली ठेवला आणि काचा पुसत बसली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास डेरिल आला. एकटाच. दाढी गुळगुळीत, शर्ट धुतलेला.

"ते पिस्तूल नको आता," तो म्हणाला. "गरज उरली नाही."

"मार्ला कुठंय?"

"बेत बदलला तिचा." काउंटरवर कोपरं टेकून तो आरामात उभा राहिला. "मंगळवारी लायसन्स घ्यायला आत आली होती, फार वेळ लागला तिला. काय बोलणं झालं तुमचं?"

"काही नाही," लुएला म्हणाली.

"हं. तीही आधी हेच म्हणाली."

टोपीला बोट लावून तो निघून गेला. त्याची गाडी वळणाआड होताच लुएलाने शेरीफच्या कचेरीत फोन लावला. फॉर्मवरचा पत्ता तिने दोनदा वाचून दाखवला. पलीकडच्या तरुण पोलिसाने गाडी पाठवली आणि मग कागद पुढे ओढत सहज विचारलं, "त्या बाईच्या जिवाला धोका आहे, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

लुएलाने फोन दोन्ही हातांत धरला.

"मंगळवारी," ती म्हणाली.