ओल्या शेपटीची उडी

मी कागद बोलतोय. आज तुमच्या हातात गुळगुळीत आणि गप्प पडलोय, पण एके काळी मी एवढं उंच झाड होतो की ढग माझ्या शेंड्याला पाठ घासायला थांबायचे. खोटं वाटत असेल तर ढगांना विचारा.

मग गिरणीत आलो. साल सोलली, ढलप्या केल्या, औषधाच्या पाण्यात शिजवलं. लाकडाचा सगळा ताठा उतरला आणि उरला लगदा. त्यात पाणी, वर आणखी पाणी. शंभर घागरींत मी जेमतेम एक. इतका पातळ झालो की माझा मलाच सापडेना.

तसाच धावत्या जाळीवर सांडलो. खालून पाणी गळत गेलं, आणि विखुरलेले तंतू आपणहून एकमेकांत गुंतू लागले. जाळीच्या या टोकाला पाणी होतं, त्या टोकाला कागद. माझ्याच अंगावर घडलं, तरी मला अजून पटत नाही.

पुढे उभी होती मशीनवाल्या मामांची भाची, कामावर नवी. ओल्या कागदाची वीतभर पट्टी, जिला इथे शेपटी म्हणतात, ती पाणी पिळणाऱ्या दाबाच्या रुळावरून सोडवून सुकवणाऱ्या तापलेल्या रुळाकडे हाताने फेकायची, म्हणजे तिच्यामागून सगळा कागद ओढला जातो. मध्ये हातभर मोकळी हवा. सकाळपासून दोनदा मी तिथेच तुटलो होतो आणि दोनदा परत लगद्यात गेलो होतो. तिसऱ्यांदा तुटलो, की तिची रवानगी पुन्हा ताव मोजायच्या खोलीत.

"मामा, शेपटी सारखी तुटतेय."

"आवळून धरतेस म्हणून. झोपलेलं पोर खांद्यावरून अंथरुणावर ठेवतात ना, तसं सोड."

"तुम्ही ठेवलंयत कधी?"

"मी कशाला? तुझी मामी सांगते तसं."

ती हसली. बोटं सैलावली आणि मी सुटलो.

त्या हातभर हवेत मला कुणाचाच आधार नव्हता. श्वास रोखून ताणून राहिलो. तापल्या रुळाने मला ओढून घेतलं, आणि माझ्यामागून खोलीएवढा रुंद कागद वाफा सोडत, वरखाली रूळ ओलांडत धावत आला.

 पलीकडच्या टोकाला जाऊन मामांनी एक कोरडा तुकडा फाडून आणला आणि तिच्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता.

"हे मघाशी पाणी होतं?"

"होतं."

तिने तो तुकडा उजेडासमोर धरला.

वाचून झालं की मला खुशाल रद्दीत घाला. पुन्हा भिजायची, पुन्हा उडी मारायची माझी तयारी आहे. फक्त तेव्हा शेपटी फेकायला तीच असू द्या.