तिघांना पुरतो

ड्रिल बंद करून त्याने भोकातली भुकटी फुंकर मारून काढली आणि स्टुलावरूनच म्हणाला, "पंधरा लिटरचा पुरतो, बाई. तुम्ही माणसं तीनच ना?"

"तीनच. पण दुकानदार म्हणत होता, पंचवीसचा घ्या." गिऱ्हाईक बाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. गिझरचं खोकं त्यांच्या मागे, अजून न उघडलेलं.

"दुकानदार विकायला बसलाय. मोठी टाकी म्हणजे नको असलेलं पाणी तापवायचं आणि ते निवताना बघत बसायचं. आमच्याकडे एकोणीस वर्षं पंधराचाच आहे. टायमर लावलाय मी. साडेपाचला चालू, वीस मिनिटांनी बंद. तिघांच्या आंघोळी होतात."

"खरंच होतात?"

"माझ्यावर विश्वास नको. हिलाच विचारा."

हे तो बहुतेक घरांत करायचा. घरी फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि फोन गिऱ्हाइकासमोर धरायचा. पलीकडून बायको म्हणायची, "हो, पुरतं." तेवढंच. मागे कुकरची शिट्टी नाहीतर भांड्यांचा आवाज. बरोबरचे फिटर चेष्टा करायचे, "याचं हेड ऑफिस ओट्यापाशी आहे."

आज फोन बराच वेळ वाजला. उचलला तो शेजारणीने.

"अहो, किती फोन केले तुम्हाला! होतात कुठे?"

"ड्रिल चालू होतं. ऐकू आलं नाही. ही कुठंय?"

"ओट्यापाशी पडल्या हो त्या. डॉक्टर येऊन गेले."

"काय म्हणाले?"

शेजारीण रडायला लागली. स्पीकर चालूच होता. बाई पुढे आल्या आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभ्या राहिल्या.

हृदय, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. लगेच दवाखान्यात नेलं असतं तरी वाचली नसती, असंही म्हणाले. त्याने ते ऐकून घेतलं.

धाकटी मेहुणी राहायला आली. तो, मुलगी आणि मेहुणी, घरात पुन्हा तिघं झाली. इतकी वर्षं पहिली आंघोळ त्याची असायची. सहा वाजता त्याची निळी बादली कडेपर्यंत भरलेली असायची, पाणी हात घालून पाहिलेलं. तो उरकून बाहेर आला की मुलगी जायची. आता त्याला उठायला आठ वाजत. तोवर दोघींचं झालेलं असे. पहिल्या काही दिवसांत पाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. डोक्यावर तांब्ये ओतायचे आणि बाहेर यायचं. नवव्या दिवशी अंगावर सर्रकन काटा आला.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. सुट्टीचा दिवस होता. मुलगी जमिनीवर बसून आईच्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरत होती.

"कॉइल गेली वाटतं," तो म्हणाला. "पाणी गार येतंय."

मुलीने वर पाहिलं. मग पुन्हा पट्ट्या भरू लागली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काम मिळालं होतं. त्याने पान्हे आणले, मीटर आणला. खालचं झाकण काढलं. कॉइल चांगली होती. थर्मोस्टॅट चांगला होता. क्षार त्याने मागच्या थंडीतच खरवडून काढले होते. मग त्याने गिझर चालू केला, वीस मिनिटं घड्याळाकडे बघत उभा राहिला आणि नळाखाली थर्मामीटर धरला. साठ. जेवढं पाहिजे तेवढंच.

तो पाटावर बसला. हिशेब तर त्याला झोपेतही येत होता. साठाचं पाच लिटर, त्यात गार पाच लिटर, की दहा लिटरची बादली झाली. अशा तीन बादल्या म्हणजे टाकीतलं पंधरा लिटर. हिशेबात काहीच चूक नव्हती.

समोर निळी बादली होती. तिच्या बुडाशी आकडा होता, बावीस लिटर.

भिंतीशी मुलीची बादली होती, आणि तिच्यामागे एक लहान, कडी तुटलेली. ती त्याने आजवर फरशी पुसायची समजली होती.

"हिची बादली कुठली?" त्याने आतूनच विचारलं.

मुलगी दारात आली. तिने बोट दाखवलं नाही. तो कुठे बघतोय ते तिने पाहिलं.

"गिझर ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. "शेवटच्याला असंच येतं."

"कधीपासून?"

"मला कळतंय तेव्हापासून."

"मग परत लावायचा दहा मिनिटं!"

"टायमरला हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. कागद चिकटवला होता तिथं. आहे बघा अजून."

तो कागद त्याच्याच अक्षरातला होता.

"आणि ती फोनवर सांगायची, पुरतं म्हणून?"

"मग काय सांगणार? समोर परकी माणसं. तुम्हाला तोंडघशी पाडायचं?" मुलीचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे. मीही गरम घेतच होते. एकदा म्हटलं, आज तू आधी जा. तर ओरडली माझ्यावर, ऑफिसला उशीर होईल म्हणून."

मेहुणी स्वयंपाकघरातून ओढणीला हात पुसत आली होती.

"भावोजी, ताईनं कधी तक्रार नाही केली," ती म्हणाली. "म्हणायची, दिवसभर टाक्या उचलतात, पाठ धरते, त्यांना कढत लागतं. हसायची उलट. म्हणायची, गिझरवाल्याच्या घरात दिलं मला आणि अंगावर गारच पाणी. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

हे ऐकून त्याला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा पाहून ती परत आत गेली.

तक्रार केली नव्हती, हे मात्र खरं नव्हतं. एकदाच, बऱ्याच वर्षांपूर्वी, बायको म्हणाली होती, "आपण पंचवीसचा घ्यायचा का?" त्याने कागद घेऊन तिला समजावलं होतं. टाकी किती, उष्णता किती, टाकीतल्या टाकीत वाया किती जाते. गिऱ्हाइकाला समजवावं तसंच. ती सगळं ऐकून म्हणाली होती, "बरं." त्याला वाटलं होतं, पटलं.

त्याने झाकण परत लावलं. पेच घट्ट केले. कागद काढायला नख लावलं, पण तो जुना झाला होता, तुकड्या तुकड्याने निघाला.

पंधराएक दिवसांनी त्या बाईंचा फोन आला.

"काका, तुमच्यावर काय प्रसंग आलाय, माहीत आहे. घाई नाही माझी. फक्त विचारायला केला. खोकं फोडलेलं नाही, तर दुकानदार बदलून देतो म्हणतोय. पंधराचाच ठेवू ना?"

"आमच्याकडे..." तो सवयीने म्हणाला आणि थांबला.

"हॅलो?"

"तुमच्याकडे शेवटी आंघोळ कोण करतं?"

"अं? मीच. सगळ्यांचे डबे भरून झाले की. का हो?"

शेजारी मुलगी बसली होती. तिने हातातलं काम थांबवलं. पंचवीसचा घ्या, एवढंच सांगायचं होतं. पण मग बाई विचारणार, त्या दिवशी तर तुम्ही म्हणत होतात. आणि मग त्याला म्हणावं लागणार होतं की ही जे सांगायची ते खरं नव्हतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "इतके दिवस गॅसवर तापवतेच आहे की पातेल्यात. चाललंय."

याला आता महिना होत आला. मेहुणी तिच्या घरी गेली. टायमर त्याने काढून टाकला. बाईंच्या भिंतीत दोन भोकं तशीच आहेत, खोकं बंद आहे, आणि त्याने अजून त्यांना फोन केलेला नाही.