तीन ओढ्यांचा बेडूक

बेडकांचा अभ्यास करणाऱ्या बेडूकबाईंनी काचेची डबी डोळ्यांसमोर धरून खालून पाहिली आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आत अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक. पोटावर तीन काळे ठिपके आणि चौथा फुटक्या बांगडीसारखा. या बेडकांच्या पोटावरची नक्षी माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी, एकासारखी दुसऱ्याची नाही. म्हणून बाई प्रत्येकाच्या पोटाचा फोटो काढत. हा फुटक्या बांगडीवाला त्यांना कालच मूळच्या ओढ्यात भेटला होता. आज डोंगरापलीकडच्या तिसऱ्या ओढ्यात!

जन्मभर एका दगडाखाली काढणारं हे जित्राब, एका दिवसात डोंगर ओलांडेल होय?

"सापडला ना, बाई?" काठावरून वाटाड्या मामांनी विचारलं.

"सापडला," बाई म्हणाल्या आणि मामांच्या पिशवीकडे पाहत राहिल्या.

मामा सहा वर्षं त्यांच्याबरोबर. नाकासमोर चालणारा माणूस. पण गेल्या आठवड्यात ते खाणीच्या मुकादमाशी हसून बोलत होते, तेव्हापासून बाईंना चैन नव्हतं. हा बेडूक जगात एकाच ओढ्यात, म्हणून तो धोक्यातल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत सगळ्यात वर आणि म्हणूनच खाण या डोंगरापासून लांब. गेल्या वर्षी दुसऱ्या ओढ्यात सापडला; बाईंनी अहवाल दिला आणि तो एक पायरी उतरला. तिसरा ओढा निघाला की नाव यादीतून जाणार आणि डोंगराला सुरुंग लागणार. कुणाला हवं होतं हे? पाणी कुठे मुरतंय ते उघड होतं.

"मामा, पिशवी दाखवा."

मामांनी मुकाट्यानं दाखवली. आत जेवणाचा डबा, झाकणाला भोकं, तळाशी ओलं शेवाळ. याच माणसाच्या हातचं पाणी पीत आपण डोंगर चढलो.

"मुकादमानं सांगितलं?"

"मुकादमानं?" मामा गोंधळले. "तो माझ्या भाच्याचा सासरा. त्याचा काय संबंध?"

"मग कशाला आणता?"

मामांनी काठावरच्या दगडाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही दोन वर्षांमागं याच दगडावर बसून रडलात, बाई. एकाच ओढ्यात उरलाय म्हणालात. मला बघवेना. तुम्ही यायच्या आधी आणून सोडतो, तुम्ही गेलात की परत त्याच्या ओढ्यात नेऊन ठेवतो. इथं टिकायचा नाही तो. दर खेपेला याच एकाला आणतो. गुणी आहे, डब्यात गप्प बसतो."

"दर खेपेला," बाई पुटपुटल्या.

त्यांनी फोन काढून गेल्या वर्षीचे फोटो उघडले. दुसरा ओढा सापडल्याच्या आनंदात तेव्हा पोटं जुळवून पाहायची राहून गेली होती. तीन ठिपके आणि फुटकी बांगडी. अहवालाखाली बाईंची सही होती, मामांची नव्हती. यादी म्हणजे काय, ती कशी चालते, हे सहा वर्षांत मामांना सांगावं असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

मामांनी शेवाळ सारखं केलं, बेडूक हलक्या हातानं डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"रागावू नका, बाई. पण आता तीन ओढे झाले," ते म्हणाले. "आता तरी वाचेल ना तो?"