पाठीवरची बारा नावं

मी गोधडी बोलतेय. आयोवातल्या एका लहान गावच्या कलासंग्रहालयात टांगलेली. दारावर 'अमेरिकन कला' लिहिलंय; ती कला म्हणजे मी, हे मला अजून पटत नाही.

मला चर्चच्या तळघरात बारा बायकांनी शिवलं, गाव सोडून निघालेल्या पाद्र्याच्या बायकोसाठी. प्रत्येकीने आपल्या चौकोनामागे स्वतःचं नाव टाक्यांनी काढलं, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. नाव पुढे मिरवणं त्यांच्यात पाप होतं. मग तिची तीन पोरं माझ्यात वाढली. ओकली, चावली, एकदा कुत्रीही व्याली. मला कुणी जपलं नाही. बरं चाललं होतं.

इथे मात्र फार जपतात. शेजारी पाटी आहे : 'शिवणाऱ्या अज्ञात'.

आज माझा भिंतीवरचा शेवटचा दिवस. पाचला पेटीत, मग दहा वर्षं अंधार. पावणेपाचला त्र्याऐंशी वर्षांच्या आर्डिथबाई आल्या, सोबत नात लोर्ना, कडेवर बाळ.

"हिला उलटी करा," आर्डिथबाई म्हणाल्या.

"आजी, हळू बोल," लोर्ना पुटपुटली.

"हळूच बोलत आले जन्मभर."

संग्रहालयाच्या प्रेंटिसबाई धावत आल्या. "बाई, रेषेच्या मागे उभ्या राहा. ती सरळच टांगलीय."

"सरळ आहे तेच चुकलंय. पाठीवर नावं आहेत, शिवणाऱ्यांतल्या एकीने मला सांगितलं होतं. खालच्या कोपऱ्यात माझी आई, ओटिली. मी जन्मले नि ती गेली. फोटो नाही, अक्षर नाही. पेपरात हिचं चित्र पाहून दोनशे मैल आलेय."

प्रेंटिसबाईंनी घड्याळ पाहिलं, मग मला. "शिवण उसवली तर?"

"तुमची नोकरी जाईल," आर्डिथबाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. तरी विचारतेय."

माझा जीव टांगणीला. मला माझी पाठ दिसत नाही. पोरांनी चघळला तो कोपरा तोच की दुसरा? दोरा उरलाय का? तीन पोरं वाढवली, पण मी कसली आई, एवढंही लक्षात ठेवलं नाही.

प्रेंटिसबाईंनी हातमोजे चढवले. कोपरा उचलला. एक टाका तटकन तुटला. त्यांनी बॅटरी तिरकी धरली.

"आहे," त्या म्हणाल्या. "ओटिली. पण अक्षरांचा दांडीटाका उलट्या बाजूला तिरपा पडलाय. बाकीच्यांचा असा नाही."

आर्डिथबाई वाकल्या, नाव टाक्याटाक्याने वाचलं.

"डावखुरी होती," त्या म्हणाल्या. "शाळेत माझा डावा हात बाकाला बांधायचे. कुणाची खोड घेतलीस, विचारायचे. घरात कुणी सांगितलंच नाही."

पाच वाजले. मला उतरवताहेत. एवढंच मागते : पुढच्या वेळी मला पाठमोरी टांगा.