पीठ नव्हे, पाठ

मी खारीक. डब्यातली नव्हे, तबेल्यातला. अंगाचा रंग वाळल्या खारकेसारखा, म्हणून शांतारामकाकांनी हे नाव ठेवलं. कागदोपत्री माझं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर मी कानही हलवत नाही.

जन्म पुण्याकडचा. तीन वर्षं शर्यतीत धावलो. जिंकलो कमी, धापाच जास्त टाकल्या. मग फरीदाबादजवळच्या या रायडिंग क्लबात आलो. इथे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या होत्या, आणि ते मला मनापासून आवडलं. चारही पाय जमिनीवरून सुटतात तो क्षण फक्त आपला असतो.

शांतारामकाका सांगलीकडचे. लष्करात घोड्यांची निगा राखून निवृत्त झाले आणि इथे आले. रोज सकाळी ते मला खरारा करत. मग गवताची घट्ट गुंडाळी वळून माझ्या मानेवर, मांड्यांवर थापट्या देत. त्यालाच ते मालिश म्हणत.

गेल्या वर्षी माझं बिघडलं. उडीसाठी अंग उचललं की डाव्या खांद्यामागे कळ यायची. मी अडथळ्यापुढे थांबू लागलो. एकदा माझ्यावर बसलेला, क्लबात शिकणारा सिद्धांत नावाचा मुलगा थेट वाळूत पडला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं अडेलतट्टू. अडचण कुठे आहे हे शोधताना माणसं विचारतात, घोडं कुठे पेंड खातंय? घोड्याला मात्र कुणी विचारत नाही. मी कान मागे टाकले, शेपूट झटकली, खोगीर आणलं की दात दाखवले. त्याला सगळे नखरे म्हणाले.

क्लबच्या हेमलता मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "शांतारामजी, इथे मुलं शिकतात. उद्या कुणाचा हात मोडला तर? तो वरातवाला मागतोय याला. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सीझन. तोवर सुधारला तर अच्छा, नाहीतर देऊन टाकू."

त्या दिवशी काकांनी मला दोनदा खरारा केला. बँडबाजाची मला भीती नव्हती. पण त्या वरातवाल्याकडे शांतारामकाका नसणार होते.

त्याच सुमारास क्षिप्रा आली. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, परदेशात चार वर्षं घोड्यांच्या मालिशचं शास्त्र शिकून परतलेली. "खेळणाऱ्या माणसाच्या अंगाची काळजी घेतात," ती प्रत्येकाला सांगे, "मग खेळणाऱ्या घोड्याची का नाही?" आधी तिने डॉक्टरांना बोलावून माझे पाय तपासून घेतले. पायांत दोष नव्हता. मग तिने मानेपासून शेपटीपर्यंत बोटं फिरवली.

"काका, याची पीठ दुखतेय."

काकांचा हात थांबला. "पीठ? ज्वारीचं का गव्हाचं?"

"अहो, पीठ. ही इथे."

"तिला पाठ म्हणतात, ताई. चार वर्षं हेच शिकलात?"

"घरी आईपण हसते," ती म्हणाली. "मराठी कच्ची आहे माझी. हात पक्के आहेत."

हात खरंच पक्के होते. दुखऱ्या जागी पोचल्यावर तिने दाबलं नाही. नुसता तळवा ठेवून थांबली. कितीतरी वेळाने माझ्या आतलं काहीतरी सैल झालं. मान खाली गेली, मी ओठ चाटले आणि मोठी जांभई दिली. किती महिन्यांनी, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी खोगीर चढलं आणि अडथळ्यापुढे मी पुन्हा थांबलो.

क्षिप्रा पालथ्या बादलीवर बसून राहिली. "माझ्याकडून काहीतरी सुटतंय, काका."

"मनाला लावून घेऊ नका. वय झालं त्याचं. माझ्यासारखा पिकलाय. केस बघा की, पांढरे होतायत."

"कुठले केस?"

"खोगिराखालचे. डाव्या बाजूचे."

ती उठलीच. "फक्त डाव्या? काका, म्हातारपण दोन्ही बाजूंनी येतं."

तिने खोगीर उलटं केलं आणि आतल्या गादीवर हात फिरवला. गेल्या वर्षी कुणीतरी ती नव्याने भरली होती. डाव्या बाजूला गाठ झाली होती, लिंबाएवढी. रोज माझ्या पाठीत तीच रुतत होती, आणि जिथे रुतली तिथले केस पांढरे उगवत होते.

"ही तर खरीखुरी खोगीरभरती," काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "रोज बघत होतो मी. रोज."

"तुम्ही बघितलंत म्हणून तर कळलं. मी तेवढंही बघितलं नाही, थेट मालिश सुरू केलं."

मग सहा आठवडे पाठीवर खोगीर नाही. डॉक्टर येऊन बघून जात. सकाळी क्षिप्राचे हात, मागून काकांची गवताची गुंडाळी. कुठे थापटायचं नाही ते काका तिच्याकडून शिकले, गुंडाळी कशी वळायची ते ती त्यांच्याकडून. शेवटी नीट भरलेलं खोगीर हळूहळू चढू लागलं.

तुळशीचं लग्न झालं आणि वरातवाला आला. सिद्धांत माझ्यावर बसला. समोर तोच लाल-पांढरा अडथळा. कळ गेली होती, पण तिची आठवण अंगात होती. माझी पावलं मंदावली. तेवढ्यात कुंपणाजवळून काकांनी जीभ टाळ्याला लावून टक् केलं, खरारा संपल्यावर करतात तसंच. मी अंग उचललं. चारही पाय सुटले. कळ आली नाही.

"भैया, माफ करना," मॅडम वरातवाल्याला म्हणाल्या. "खारीक कहीं नहीं जाएगा."

आता मी ठणठणीत आहे. ते पांढरे केस तेवढे राहिलेत, ते राहणारच. क्षिप्रा त्यांच्यावरून हात फिरवते, काकाही फिरवतात, आणि त्या दोन्ही हातांचा मी ऋणी आहे. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही कुणी अडून बसलं असेल. नाव ठेवण्याआधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा.

क्षिप्रा आता न चुकता पाठच म्हणते. काका मात्र रोज सकाळी तबेल्याच्या दारातून हाक देतात, "चला क्षिप्राताई, पीठ मळायचंय."

आणि मी मान खाली घालून उभा राहतो.